ॲलिस नील यांची व्यक्तिचित्रे : भावना चेहऱ्यात शोधावी की शरीरात?

निळीरेघ

व्यक्तिचित्राविषयी आपल्याकडचे बोलणे बहुतेक वेळा साम्यापाशी सुरू होते आणि डोळ्यांपाशी संपते. चित्र हुबेहूब उतरले आहे का आणि डोळ्यांत जिवंतपणा आहे का, एवढे पाहून झाले की चित्रकाराला दाद मिळते. मानेखालचे शरीर, म्हणजे खांदे, पोट, मांड्या, हातांची बोटे, पावले, यांच्याकडे कपड्यांच्या चुण्या नीट रंगवल्या आहेत की नाहीत इतपतच लक्ष जाते. अमेरिकन चित्रकर्ती ॲलिस नील (१९००–१९८४) यांची चित्रे मी बराच काळ पाहत आले आहे, आणि त्यांच्याविषयी मला जे सांगायचे आहे ते असे, की त्यांच्या चित्रांत भावना आधी शरीराला होते. चेहऱ्यावर ती मागाहून येते, आणि कित्येकदा चेहरा ती लपवण्याच्या खटपटीत असतो तेव्हा हातपाय ती सांगून मोकळे होतात. या मुद्द्यावर इथल्या चित्रकारांशी आणि चित्रे आवडीने पाहणाऱ्यांशी सविस्तर बोलता यावे म्हणून हा धागा काढते आहे.

आधी थोडे त्यांच्या आयुष्याविषयी. नील यांचा जन्म पेनसिल्व्हेनियातला. फिलाडेल्फियात खास स्त्रियांसाठी असलेल्या कलाशाळेत त्या शिकल्या आणि १९२५ मध्ये कार्लोस एन्रिकेस या क्युबन चित्रकाराशी त्यांनी लग्न केले. पहिली मुलगी सान्तियाना वर्षाची होण्याआधीच, १९२७ च्या डिसेंबरात, घटसर्पाने गेली. दुसरी मुलगी इसाबेटा हिला १९३० मध्ये कार्लोस हवानाला आपल्या घरच्यांकडे घेऊन गेले आणि ती तिथेच वाढली. नील पुरत्या कोसळल्या. आत्महत्येचे प्रयत्न झाले, अनेक महिने रुग्णालयात गेले. पुढे १९३४ मध्ये, त्या ज्याच्यासोबत राहत होत्या त्या माणसाने रागाच्या भरात त्यांची ३०० हून अधिक रेखाटने व जलरंगचित्रे आणि ५० च्या वर तैलचित्रे फाडून, जाळून टाकली. इसाबेटाचे एक चित्र त्यात गेले, ते नील यांनी दुसऱ्या वर्षी नव्याने रंगवले. १९३८ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या स्पॅनिश हार्लेम वस्तीत राहायला गेल्या, तिथे त्यांनी दोन मुलगे वाढवले, सरकारी कलायोजनेच्या मानधनावर आणि ती बंद पडल्यावर सार्वजनिक मदतीवर दिवस काढले. १९४० आणि १९५० च्या दशकांत न्यूयॉर्कमध्ये अमूर्त चित्रकलेचा इतका जोर होता की समोर माणूस बसवून रंगवणारा चित्रकार जुनाट ठरत असे. नील यांनी तरीही माणसे रंगवणे सोडले नाही. व्हिटनी संग्रहालयाने त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन भरवले ते १९७४ मध्ये, म्हणजे त्यांच्या वयाच्या ७४ व्या वर्षी.

आता पद्धतीकडे येते. नील यांच्याकडे स्वतंत्र स्टुडिओ असा नव्हताच. माणूस त्यांच्या राहत्या घरी येत असे, खुर्चीत किंवा कोचावर बसत असे आणि गप्पा सुरू होत. पोझ ठरवून देण्याची त्यांना घाई नसे. बोलता बोलता माणूस नकळत आपल्या नेहमीच्या ढबीत बसतो, आणि त्या ढबीत जगाने त्याचे काय केले आणि त्याने जगाला काय उत्तर दिले, हे दोन्ही उतरलेले असते, असे त्या सांगत. मला हे विधान फार मोलाचे वाटते. आपण ज्याला देहबोली म्हणून सोडून देतो, तिच्यात त्या त्या माणसाचा इतिहास वाचत होत्या. खुर्चीच्या हाताला धरलेली मूठ, एकावर एक घट्ट ओढून घेतलेले गुडघे, पुढे आलेले पोट सावरत बसण्याची तऱ्हा, हे सगळे त्यांच्या लेखी चेहऱ्याइतकेच बोलके होते.

याचे मला सर्वांत स्पष्ट वाटणारे उदाहरण म्हणजे १९७० मधले अँडी वॉरहॉल या प्रसिद्ध अमेरिकन चित्रकाराचे चित्र, जे व्हिटनी संग्रहालयात आहे. ३ जून १९६८ रोजी वॉरहॉल यांच्यावर त्यांच्या स्टुडिओत गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि ते मरता मरता वाचले होते. त्यानंतर पोटाला आधार म्हणून त्यांना कायम पट्टा वापरावा लागे. प्रसिद्धीच्या झोतात वावरणारा, गॉगल आणि केसांच्या टोपाआड राहून स्वतःची प्रतिमा जपणारा हा माणूस नील यांच्यासमोर कमरेपर्यंत उघडा बसला आहे. डोळे मिटलेले आहेत, म्हणजे व्यक्तिचित्रकाराचे सगळ्यात हुकमी साधनच त्यांनी बाजूला ठेवले आहे. उरते ते शरीर : अरुंद, उतरते खांदे, छातीचे सैल पडलेले मांस, पोटावरून आडव्यातिडव्या गेलेल्या व्रणांच्या रेषा, कमरेभोवतीचा पट्टा आणि मांडीवर एकमेकांत गुंतवलेले हात. पायांत मात्र नीट तपकिरी बूट आहेत. कोच नुसत्या रेषांनी सुचवला आहे, मागे फिकट निळ्या रंगाचा एक डाग आहे, बाकी कॅनव्हास मोकळा. चेहऱ्यावर वेदना दाखवलेली नाही. उलट हनुवटी किंचित वर आहे आणि चेहरा शांत आहे. पण ती शांतता टिकवण्यासाठी शरीर किती ताठ धरले आहे हे पाहताना आपल्याच पाठीला जाणवते.

दुसरी चित्रे गर्भार स्त्रियांची. १९६४ पासून १९७८ पर्यंत नील यांनी अशी काही चित्रे केली, बहुतेक विवस्त्र. पाश्चात्त्य चित्रकलेत नग्न स्त्रीची चित्रे शतकानुशतके झाली. आई आणि बाळाचीही झाली. या दोहोंच्या मधला काळ, जेव्हा शरीर ताणलेले, जड आणि स्वतःलाच अनोळखी झालेले असते, तो मात्र चित्रात जवळपास आलाच नव्हता. १९७८ च्या चित्रात मार्गारेट इव्हान्स ही तरुणी एका छोट्या पिवळ्या खुर्चीवर ताठ बसली आहे. पोटात जुळी आहेत. खुर्ची तिला पुरत नाही, म्हणून दोन्ही हातांनी तिने बैठकीची कड घट्ट धरली आहे. नजर सरळ आपल्यावर आहे, चेहऱ्यावर आईपणाचे ठरावीक तेज वगैरे काही नाही. थकवा आहे, थोडी धास्ती आहे, आणि तोल राखायचा निश्चय आहे, पण हे सगळे मला आधी तिच्या मनगटांत दिसले. मागच्या आरशात तिचे प्रतिबिंब आहे आणि ते तिच्याहून वयस्कर दिसते. त्याचा अर्थ प्रत्येकाने आपापला लावावा. मला मात्र त्यात दोन मुली अंतरलेली चित्रकर्तीच तिच्यामागे उभी असल्यासारखी वाटते.

माझा प्रश्न असा आहे. शरीर इतके उघडे करून भावना दाखवणे हा चित्रकाराचा अधिकार आपण कुठपर्यंत मानायचा? आणि ज्यांना चित्रकलेचा सराव आहे त्यांनी हेही सांगावे की हे हाताने नेमके साधते कसे.

कोरा कॅनव्हास

उत्तम धागा. मी व्यक्तिचित्रे करतो आणि शिकवतोही, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

आमच्या शिक्षणात, म्हणजे मुंबईच्या कलाशाळांतून पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या पद्धतीत, चित्र छायाप्रकाशाच्या मोठ्या आकारांनी बांधले जाते. आधी डोक्याची जागा आणि प्रमाण, मग प्रकाशाची दिशा, मग टोन, म्हणजे उजेड-सावलीच्या छटा, आणि बाह्यरेषा जितकी विरघळेल तितके काम प्रगल्भ मानतात. नील यांचे याच्या अगदी उलट आहे. त्या पेन्सिलीचे कच्चे रेखाटन न करता पातळ केलेल्या निळ्या रंगाने थेट कॅनव्हासवर आकृती काढत आणि ती निळी रेघ शेवटपर्यंत झाकत नसत. बोटांच्या कडेने, पोटाच्या वळणावरून, नडगीवरून ती चित्र पूर्ण झाल्यावरही दिसते.

याचे दोन परिणाम होतात, असे माझ्या कामातून मला वाटते. पहिला रंगाचा. त्वचेचा रंग पिवळा, गुलाबी, नारिंगी अशा उबदार छटांचा असतो आणि त्याला लागून थंड निळी रेघ आली की दोन्ही एकमेकांना उठाव देतात. त्वचा नुसती दिसत नाही, तिच्याखाली रक्त फिरते आहे असा भास होतो. दुसरा परिणाम वेळेचा. थेट रंगाने रेघ ओढताना हात थरथरला, थांबला, घाईने पुढे गेला, तर ते तसेच राहते. म्हणजे समोरच्या माणसाची अस्वस्थता आणि चित्रकाराचे तिच्याकडे लक्ष, दोन्ही एकाच रेषेत नोंदले जाते. टोनने बांधलेल्या चित्रात हे राहत नाही, कारण तिथे नंतरचा प्रत्येक थर आधीचा पुसत जातो.

आणखी एक गोष्ट. नील कुठे थांबतात ते पाहा. १९६५ मध्ये जेम्स हंटर नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण त्यांच्याकडे बसला. त्याला सैन्यभरतीचा हुकूम आलेला होता आणि व्हिएतनामला जाण्याआधी फारच थोडे दिवस उरले होते. पहिल्या बैठकीत डोके आणि गालाला टेकवलेला हात रंगवून झाला, शरीर नुसत्या रेषेत राहिले. दुसऱ्या बैठकीला तो आलाच नाही, आणि नील यांनी ते चित्र आहे त्या अवस्थेत पूर्ण झाल्याचे ठरवले. न रंगवलेल्या शरीराचा एवढा अर्थपूर्ण उपयोग मी इतरत्र पाहिलेला नाही. राज्यसंस्थेला त्या तरुणाकडून नेमके शरीरच हवे होते, आणि चित्रात तेच जागेवर नाही.

सातवा कप्पा

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. चित्रकलेतले मला फारसे कळत नाही, पण नील यांचे १९४० चे क्षयरोग्याचे चित्र, जे वॉशिंग्टनच्या स्त्री कलावंतांच्या संग्रहालयात आहे, ते माझ्या क्षेत्रातले असल्याने त्याविषयी लिहितो.

चित्रातला तरुण कार्लोस हा नील यांच्या तेव्हाच्या जोडीदाराचा भाऊ, स्पॅनिश हार्लेममध्ये राहणारा. तो उशांवर अर्धवट रेलला आहे, कमरेपर्यंत चादर आहे, छातीच्या एका बाजूला पांढरी मलमपट्टी आहे आणि एक हात त्या पट्टीजवळ येऊन थांबला आहे. त्याच्यावर जी शस्त्रक्रिया झाली होती तिच्यात बरगड्या काढून छातीची एक बाजू बसवून टाकत, म्हणजे त्या बाजूचे फुप्फुस दबते, त्यातली पोकळी मिटते आणि रोगाला आवर बसतो अशी कल्पना होती. क्षयावर परिणाम करणारे स्ट्रेप्टोमायसीन हे औषध सापडले १९४३ मध्ये. त्याआधी डॉक्टरांच्या हाती विश्रांती, सकस अन्न, मोकळी हवा आणि ही अघोरी शस्त्रक्रिया याखेरीज फारसे काही नव्हते.

या शस्त्रक्रियेनंतर शरीर कायमचे बदलत असे. आधार गेलेल्या बाजूला पाठीचा कणा वाकतो, खांद्याची पातळी बिघडते, मान एका बाजूला कलते. नील यांनी हे सगळे पाहिले आहे. त्या चित्रातल्या मानेची लांबी आणि धडाचा बाक एखाद्याला शैलीचा भाग वाटेल, पण मला त्यात निदान दिसते. वैद्यकीय पुस्तकांतल्या जुन्या छायाचित्रांत अशा रुग्णांचे चेहरे कापलेले किंवा झाकलेले असतात आणि उरते ती केवळ विकृती. इथे तीच विकृती एका सुंदर, थकलेल्या तरुणाच्या अंगावर आहे आणि तो आपल्याकडे पाहतो आहे. क्षय हा दाटीवाटीच्या, कोंदट घरांचा आणि अपुऱ्या जेवणाचा रोग आहे. मुंबईत आजही आम्ही तेच पाहतो. त्यामुळे नील यांनी दाखवलेले दुःख एकट्या माणसाचे असले तरी त्याचे कारण त्या वस्तीत आहे, हे त्या चित्राकडे पाहताना विसरता येत नाही. क्रूसावरून उतरवलेल्या ख्रिस्ताच्या चित्रांशी या चित्राची तुलना होते, आणि जखमेजवळ आलेला तो हात पाहिला की ती तुलना ओढूनताणून केलेली वाटत नाही.

उंबरठा

आतापर्यंतचे प्रतिसाद वाचले. माहिती मोलाची आहे, पण मूळ मांडणीशी मी सहमत नाही, आणि ते का हे स्पष्ट लिहितो.

नील यांची पाच-पन्नास चित्रे एका दमात पाहिली तर सगळी माणसे एकाच घरातली वाटू लागतात. डोकी थोडी मोठी, बोटे लांबट आणि गाठाळ, डोळे बटबटीत, बसणे अवघडलेले. न्यूयॉर्कमधले इतके भिन्न लोक, विचारवंत, शेजारपाजारची मुले, कवी, व्यापारी, हे सगळेच मनातून इतके अस्वस्थ होते का? मला असे वाटते की अस्वस्थता बाईंची होती आणि ती त्यांनी समोरच्याच्या अंगावर चढवली. असे असेल तर ‘शरीरात माणसाचा इतिहास वाचणे’ हे म्हणणे टिकत नाही. वाचणाऱ्याने पानावर आपलाच मजकूर लिहिला, एवढेच होते.

दुसरे असे की यात निर्दयपणा आहे. कवी फ्रँक ओहारा यांचे १९६० मधले दुसरे चित्र पाहा. उघडे तोंड, वेडेवाकडे दात, चेहऱ्यावरचे डाग. माणूस विश्वासाने तुमच्या घरी येऊन बसतो आणि तुम्ही त्याचे दात जगापुढे मांडता. सावळाराम हळदणकरांचे हातात समई घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातले चित्र म्हैसूरला जगन्मोहन राजवाड्यात आहे. स्वतःच्या मुलीला समोर उभे करून केलेल्या त्या चित्रात बोटांच्या फटींतून येणारा प्रकाश आणि चेहऱ्यावरची उजळ छटा एवढ्यावर सगळी भावना उभी आहे. कोणालाही उघडे पाडावे लागलेले नाही. संयमातून भावना पोहोचते, हे आपल्या चित्रकारांनी दाखवून दिलेले आहे.

निळीरेघ

उंबरठा, तुमच्या आक्षेपातला पहिला भाग गंभीर आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट देते.

नील यांची शैली ओळखू येते हे खरेच आहे. पण सगळी माणसे सारखीच अवघडलेली आहेत हे मला पटत नाही. १९७० मध्येच त्यांनी जॅकी कर्टिस आणि रिटा रेड या जोडीला रंगवले. स्त्रीवेशात वावरणारा कर्टिस पुढे सरकून ऐसपैस बसला आहे, त्याच्या फाटक्या मोज्यातून पायाचा अंगठा बाहेर आला आहे आणि त्याला त्याची काही पर्वा नाही. त्याच वर्षीचा वॉरहॉल याच्या शेजारी ठेवून पाहा. एकाने शरीर आवळून घेतले आहे, दुसऱ्याने ते मोकळे सोडले आहे. एकाच चित्रकर्तीची अस्वस्थता दोघांवर चढवली असती तर हा फरक पडला नसता. समोरचा माणूस निघून गेल्यावर आपण भाडेकरू सोडून गेलेल्या घरासारख्या रिकाम्या होतो, असे त्या म्हणत, कारण रंगवताना त्या स्वतःतून निघून त्याच्यात जाऊन राहत. दुसऱ्यात जाताना आपले काही सोबत जातेच, ते मी नाकारत नाही. पण जाणे तर घडत होते.

ओहारांविषयी एक गोष्ट तुमच्या प्रतिसादात यायला हवी होती. त्यांची चित्रे दोन आहेत. पहिले एका बाजूने पाहिलेल्या चेहऱ्याचे, मागे फुले, देखणे आणि थोडे मिजाशीचे. दुसरे त्यानंतर लगेच केलेले, समोरून, तुम्ही वर्णन केलेत तसे. पहिल्या चित्रात कवीने स्वतःला सादर केले आहे आणि दुसऱ्यात तो ते सादर करणे विसरला आहे. मला दोन्ही खरी वाटतात, आणि दुसऱ्यावर माझे अधिक प्रेम आहे, कारण दातांची लाज विसरून कोणीतरी मनापासून बोलतो आहे असे ते दिसते.

हळदणकरांचे चित्र मलाही अतिशय प्रिय आहे. मात्र तिथे समईचा उजेड सारे सांगतो आणि ती स्त्री त्या उजेडाची वाहक आहे. ती कोण, तिचे पाय दुखत आहेत का, हा त्या चित्राचा विषयच नाही. दोन वेगळ्या कामांना एका मापाने मोजू नये.

पोटोमॅकच्या काठी

मी वॉशिंग्टनला राहते, त्यामुळे नील यांचे १९८० चे आत्मचित्र राष्ट्रीय व्यक्तिचित्र दालनात प्रत्यक्ष पाहण्याची संधी मिळाली आहे. निर्दयपणाचा मुद्दा निघाला आहे म्हणून ते चित्र इथे आणणे आवश्यक वाटते.

आयुष्यभर दुसऱ्यांना रंगवलेल्या या बाईंनी स्वतःला रंगवायला घेतले ते पंचाहत्तरीच्या आसपास. मध्ये ते काम बाजूला पडले आणि ८० व्या वर्षी पुरे झाले. निळ्या पट्ट्यांच्या खुर्चीत त्या पूर्ण विवस्त्र बसल्या आहेत. ओघळलेले स्तन, पोटाची वळी, सुजलेले घोटे, पांढरे केस. डोळ्यांवर चष्मा आहे, एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात रंग पुसायचे फडके. गाल लालबुंद आहेत. हे चित्र करताना इतका त्रास झाला की गाल तसे झाले, असे त्यांनीच सांगितले आहे. एका पायाचा अंगठा जमिनीपासून वर उचललेला आहे, आणि तो पाहिला की मन लावून काम करताना आपले शरीर कुठेतरी दूर, आपल्या नकळत, कसे ताणले जाते हे कळते. इतरांना ज्या कठोरपणे पाहिले त्याहून कमी कठोरपणे त्यांनी स्वतःला पाहिलेले नाही. निर्दयता एकाच दिशेने जात असती तर मी उंबरठा यांच्याशी सहमत झाले असते.

याच शहरात राष्ट्रीय कलादालनात त्यांचे ‘लोनलीनेस’ हे १९७० चे चित्र आहे. धाकटा मुलगा लग्न करून घराबाहेर पडला तेव्हाचे. खिडकीशी रिकामी खुर्ची, बस. माणूसच नाही. धाग्याच्या विषयाच्या दृष्टीने मला ते फार महत्त्वाचे वाटते, कारण इतकी वर्षे त्या खुर्चीत कोणीतरी बसत होते आणि त्याचे शरीर बोलत होते. शरीर काढून घेतले तर भावना दाखवायला त्यांच्यापाशी खुर्चीच उरली, आणि तीसुद्धा पुरली.

उंबरठा

आत्मचित्राचा दाखला मान्य आहे. जो स्वतःला सोडत नाही त्याला इतरांविषयी बोलण्याचा काही हक्क नक्की मिळतो. पण तो हक्क सर्वांवर सारखा नसतो, हे माझे म्हणणे अजून शिल्लक आहे. वॉरहॉल यांनी शर्ट काढला तेव्हा ते कोण होते आणि चित्राचे काय होणार हे त्यांना पुरते ठाऊक होते. १९७३ मध्ये कलेच्या इतिहासकार लिंडा नोक्लिन आपल्या लेकीला, डेझीला, घेऊन बसल्या, त्याही जाणत्या होत्या. क्षयाने खंगलेल्या तरुणाचे किंवा वस्तीतल्या मुलांचे तसे नव्हते. ज्याच्याकडे गमावायला फार थोडे असते त्याच्याकडून होकार मिळवणे सोपे जाते. सातवा कप्पा यांनी त्या चित्रात करुणा पाहिली आणि ती तिथे आहेच, पण चित्र आज संग्रहालयात आहे आणि तो मुलगा मात्र ‘क्षयाचा रुग्ण’ म्हणूनच ओळखला जातो.

सातवा कप्पा

हा प्रश्न आमच्या व्यवसायात रोज येतो, त्यामुळे थोडक्यात सांगतो. रुग्णाचा होकार कागदावर घेता येतो, पण त्याचा मान राखला गेला की नाही हे त्याच्याकडे कसे पाहिले गेले यावरून ठरते. नील त्या तरुणाच्या घरातल्याच होत्या. त्यांचा त्या वेळी तान्हा असलेला मुलगा त्याचा पुतण्या होता. बाहेरून येऊन गरिबी रंगवून निघून जाणारी ही नजर नव्हती. १९६२ पर्यंत त्या त्याच वस्तीत राहिल्या, आणि तिथली ही चित्रे अनेक वर्षे विकलीही गेली नाहीत, घरातच भिंतीला टेकवून पडून होती.

निळीरेघ

उंबरठा यांचा हा आक्षेप मी खोडून काढू इच्छित नाही. तो या चित्रांसोबत राहायलाच हवा. फक्त नोक्लिन यांचे चित्र तुम्ही जाणतेपणाचे उदाहरण म्हणून दिलेत, त्याबद्दल थोडे. त्या चित्रात जाणती आई आहे, पण जवळची छोटी डेझी जाणती नाही. आईचा हात तिच्याभोवती आहे, आणि मुलीचा सारा जीव त्या हातातून सुटून पळण्यात आहे हे तिच्या बसण्यावरून कळते. आईच्या चेहऱ्यावर एका विदुषीची सावध नजर आहे, तर हातात मुलाला शांत बसवण्याची रोजची ओढाताण. १९७१ मध्ये स्त्रियांना थोर कलावंतांत का गणले गेले नाही यावर गाजलेला निबंध लिहिणाऱ्या बाईंचे हे चित्र आहे. विचार आणि संसार यांतली ओढ कुठल्याही चेहऱ्यावर एवढी नेमकी दाखवता आली नसती.

कोरा कॅनव्हास, एक विचारायचे होते. विद्यार्थ्यांना हे शिकवता येते का? की डोळ्यांपासून सुरुवात करण्याची सवय मोडतच नाही?

कोरा कॅनव्हास

सवय मोडते, पण बैठकीची आखणी बदलावी लागते. मी अलीकडे वर्गात असे करतो की मॉडेल आल्यावर पहिला अर्धा तास कोणीही ब्रश हातात घ्यायचा नाही. त्याच्याशी बोलायचे, त्याला हवे तसे बसू द्यायचे, आणि तो कितव्यांदा त्याच ढबीत परत येतो ते पाहायचे. वारंवार येते ती ढब त्याची. मग खडूने जमिनीवर पावलांची आणि खुर्चीच्या पायांची खूण करायची, म्हणजे मधल्या सुटीनंतर तीच बैठक मिळते. चित्राची सुरुवात सर्वांत जास्त ताण असलेल्या ठिकाणापासून करायची. कोणाचा तो खांद्यात असतो, कोणाचा पोटरीत. चेहरा शेवटच्या तासासाठी ठेवायचा. मुलांची तक्रार असते की अशाने साम्य येत नाही. प्रत्यक्षात मॉडेलला ओळखणारे लोक चेहरा रंगवण्याआधीच चित्र कोणाचे आहे ते सांगतात.

अडचण कागदाची येते. आपल्याकडे व्यक्तिचित्रासाठी सर्रास वापरतो त्या आकारात छातीपर्यंतचे शरीर मावते आणि मग हात कापले जातात, पावलांचा तर प्रश्नच नाही. नील यांचा वॉरहॉल सुमारे १५२ सेंटिमीटर उंच आणि १०२ सेंटिमीटर रुंद आहे. तेवढा कॅनव्हास परवडत नसेल तर ब्राउन पेपरचे दोन ताव जोडून घ्यावेत, कोळशाऐवजी पातळ केलेला निळा रंग घ्यावा आणि खोडरबर घरी ठेवावे.